मराठी साइट किंवा चॅनेलचा खर्च कसा भागवायचा : ॲडपासून वर्गणीपर्यंत, अगदी नवीन लोकांसाठी

मराठीत नेटवर काहीतरी चांगलं करणारे लोक आता पुष्कळ आहेत, कोणी द्राक्षबागेवर व्हिडिओ करतंय, कोणी गडांच्या वाटा लिहून ठेवतंय, कोणी दहावीचं गणित शिकवतंय, आणि या सगळ्यांपुढे कधी ना कधी एकच प्रश्न येतो की डोमेन, होस्टिंग, माइक, प्रवास याचे पैसे निघणार कुठनं. आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, "ॲड लाव की". लावा, जरूर लावा, पण ॲडचे पैसे कसे येतात, साधारण किती येतात आणि त्या बदल्यात वाचकाचं काय जातं हे आधी नीट समजून घ्या. आणि वाचकाकडून थेट पैसे घ्यायचे जे मार्ग आहेत ते "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवू नका, कारण माझं स्पष्ट मत आहे की मराठीतल्या छोट्या साइटला तेच मार्ग जास्त दिवस टिकवतात. का ते हिशेबासकट पुढे लिहिलंय.

१. ॲडमध्ये नेमकं काय विकलं जातं ते आधी समजून घ्या

वेबवरचा पहिला बॅनर समजला जातो तो २७ ऑक्टोबर १९९४ चा, हॉटवायर्ड नावाच्या अमेरिकन साइटवर एटी अँड टी कंपनीचा. तेव्हाचा व्यवहार पेपरातल्या जाहिरातीसारखाच होता, ही जागा, एवढे दिवस, एवढे पैसे, आणि पान उघडणाऱ्या सगळ्यांना तीच जाहिरात. नंतर १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या सर्च साइटने सर्चच्या शब्दांचा लिलाव सुरू केला आणि क्लिक झालं तरच पैसे ही पद्धत रुळवली, २००० मध्ये गुगलचं ॲडवर्ड्स आलं, आणि २००३ मध्ये ॲडसेन्स आलं, म्हणजे कुठल्याही छोट्या साइटवाल्याने एक कोड चिकटवायचा आणि गुगलने तिथे ॲड दाखवायच्या.

आज होतं असं की तुमचं पान कोणीतरी उघडतं, पान पूर्ण दिसायच्या आत त्या एका माणसाला ॲड कोणी दाखवायची याचा लिलाव होतो, बोली लावणारे म्हणजे कंपन्यांची सॉफ्टवेअर, आणि जिंकणाऱ्याची ॲड तुमच्या पानावर दिसते. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे : लिलाव तुमच्या लेखाचा फारसा नसतो, वाचणाऱ्या माणसाचा असतो. तो कुठल्या देशात आहे, फोन कुठला आहे, काल काय शोधत होता, कुठलं दुकान बघून काही न घेता परत आला, यावरनं बोली ठरते. त्यामुळे राजगडाच्या पाली दरवाज्यावरचा तोच लेख न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने वाचला तर वेगळे पैसे आणि बार्शीतल्या माणसाने वाचला तर वेगळे, सहसा बरेच कमी. लेखावर तुम्ही आठवडा घातला की अर्धा तास, याची त्या लिलावात कुठेच नोंद नसते.

शब्द तीनच लक्षात ठेवा. ॲड एकदा दिसली की एक इम्प्रेशन. एका क्लिकमागे जाहिरातदार देतो ती सीपीसी. आणि तुमच्या कामाचा खरा आकडा आरपीएम, म्हणजे दर हजार पानांमागे तुमच्या हातात किती पडले. यूट्यूबवर हाच आकडा दर हजार व्ह्यूमागे असतो. कोणी तुम्हाला सीपीएम सांगून खूश करत असेल तर त्याला आरपीएम विचारा, कारण सीपीएम म्हणजे ॲड हजार वेळा दिसण्यामागे जाहिरातदाराने दिलेला दर, वाटेतले हिस्से जाऊन तुमच्यापर्यंत काय आलं ते त्यात दिसत नाही.

वाटेत किती जातं हा पण मोठाच विषय आहे. ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसी या हिशेब तपासणाऱ्या कंपनीकडनं एक अभ्यास करून घेतला होता, तो मे २०२० मध्ये आला. मोठ्या ब्रँडनी खर्च केलेल्या पैशातले जेमतेम ५१ टक्के प्रकाशकांपर्यंत पोचत होते आणि १५ टक्के कुठे गेले याचा माग लागतच नव्हता. हे नामांकित कंपन्या आणि नामांकित साइट यांच्यातलं. तुम्ही थेट ॲडसेन्स वापरलं तर मध्ये माणसं कमी असतात आणि गुगलच्या सांगण्याप्रमाणे साधारण ६८ टक्के साइटवाल्याकडे येतात, म्हणून सुरुवातीला तेच बरं.

आता हिशेब. समजा महिन्याला १०,००० पानं वाचली जातात आणि आरपीएम ५० रुपये पडतोय, तर महिन्याचे झाले ५०० रुपये. समजा त्याच वाचकांपैकी फक्त शंभर जणांनी महिन्याला ३० रुपये दिले, तर ३,००० रुपये. आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुमचे वेगळे असतील, पण तुमचे आकडे टाकून हे गणित एकदा कागदावर कराच. ॲडला गर्दी लागते आणि मराठीत एखाद्या खोल विषयावर गर्दी होत नाही, पण जे येतात ते खूप प्रेमाने येतात, आणि त्या प्रेमाला ॲडच्या लिलावात किंमत नाही.

२. ॲडसेन्स लावायचंच असेल तर

वय १८ पूर्ण पाहिजे, साइट तुमच्या ताब्यातली पाहिजे आणि मजकूर तुमचा स्वतःचा पाहिजे. मराठी भाषेला ॲडसेन्स चालतं, त्याची चिंता नको. अर्ज करायच्या आधी साइटवर 'आमच्याबद्दल', संपर्क आणि प्रायव्हसी पॉलिसी अशी तीन पानं करून ठेवा, चार ओळींचे दहा लेख टाकण्यापेक्षा नीट लिहिलेले थोडे लेख असू द्या, इकडनं तिकडनं उचललेले फोटो काढून टाका. मग अकाउंट उघडून कोड साइटच्या हेडमध्ये (पानाच्या कोडचा वरचा भाग) टाकायचा आणि तपासणी व्हायची वाट बघायची.

खात्यात १० डॉलर जमले की गुगल तुमच्या पत्त्यावर साध्या पोस्टाने एक पिन पाठवतं. गावाकडचे लोक इथेच अडकतात. पत्ता इंग्रजीत, घराची खूण, पोस्टाचं नाव, पिनकोड सगळं लिहून नीट टाका आणि पोस्टमनदादांना आधीच सांगून ठेवा, कारण पत्र साधं दिसतं, रजिस्टर नसतं, आणि चार महिन्यांत तो पिन टाकला नाही तर पानावरच्या ॲड बंद होतात. पैसे बँकेत येतात ते १०० डॉलर पूर्ण झाल्यावर, पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या आसपास. वरच्या हिशेबाने महिन्याला ५०० रुपये मिळत असतील तर पहिले १०० डॉलर जमायला वर्षाच्या वर जाईल हे पण आत्ताच बघून ठेवा, म्हणजे नंतर मन खट्टू होणार नाही.

स्वतःच्या ॲडवर क्लिक करायचं नाही. भावाला, मित्रांना, वर्गातल्या ग्रुपला "क्लिक करा रे" सांगायचं नाही. अकाउंट कायमचं बंद होतं आणि परत उघडून मिळणं फार अवघड असतं.

परदेशातले मराठी वाचक असतील तर अजून एक काम. जानेवारी २०२४ पासून युरोपियन युनियनच्या पट्ट्यातल्या देशांतल्या आणि ब्रिटनमधल्या वाचकांना ॲड दाखवायच्या तर त्यांची कुकीसाठीची (वाचकाला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) संमती गुगलने मान्य केलेल्या पद्धतीनेच घ्यावी लागते. ॲडसेन्सच्या आतच 'प्रायव्हसी अँड मेसेजिंग' मध्ये हा मेसेज फुकट बनवता येतो, पाच मिनिटांचं काम आहे, लंडन किंवा म्युनिकच्या मंडळात तुमची लिंक फिरत असेल तर कराच.

३. यूट्यूबचं गणित वेगळं आहे

इथे दोन टप्पे आहेत. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तासांचा वॉच टाइम (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यू) झाले की मेंबरशिप, सुपर चॅट, सुपर थँक्स अशा गोष्टी सुरू करता येतात, म्हणजे प्रेक्षकांकडनं थेट पैसे. ॲडचे पैसे मात्र १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास (किंवा शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू) झाल्यावर. लांब व्हिडिओवरच्या ॲडचे ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्सच्या पैशात ४५ टक्के, आणि मेंबरशिप, सुपर चॅटमध्ये ७० टक्के. म्हणजे बघा, प्रेक्षकाने थेट दिलं तर हिस्सा जास्त आणि ते सुरू पण आधी होतं, तरी बहुतेक नवीन लोक हजार सबस्क्रायबरची वाट बघत बसतात आणि पहिला टप्पा वापरतच नाहीत.

टॅक्सचा फॉर्म टाळू नका, यात लोकांचे हकनाक पैसे जातात. यूट्यूब अमेरिकन कंपनीचं असल्यामुळे अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडनं झालेल्या कमाईवर २०२१ पासून तिकडे टॅक्स कापतात. गुगलनेच दिलेलं भारतातल्या चॅनेलचं उदाहरण असं आहे की महिन्याची कमाई १,००० डॉलर आणि त्यातले अमेरिकेतले १०० डॉलर असतील, आणि तुम्ही काहीच माहिती भरली नसेल, तर पूर्ण कमाईवर २४ टक्के म्हणजे २४० डॉलर कापले जातात. तोच फॉर्म भरला आणि भारत-अमेरिका कराराचा फायदा मागितला तर फक्त त्या १०० डॉलरवर १५ टक्के, म्हणजे १५ डॉलर. फॉर्म डब्ल्यू-८बेन आहे, ॲडसेन्सच्या पेमेंट सेटिंगमध्येच भरता येतो, टॅक्स नंबरच्या जागी पॅन टाकायचा. अमेरिकेतली मराठी मंडळी तुमचे व्हिडिओ बघत असतील (आणि दर चांगला असल्यामुळे ती बघावीत असं तुम्हालाही वाटेलच) तर हे पहिल्याच दिवशी करून टाका.

यूट्यूब प्रीमियमवाला प्रेक्षक तुमचा व्हिडिओ बघतो तेव्हा त्याला ॲड दिसत नाही पण तुम्हाला पैसे मिळतात, त्याच्या वर्गणीतला हिस्सा त्याने किती वेळ काय बघितलं त्यावरनं वाटला जातो. प्रीमियम घेतलेल्या लोकांना हे बऱ्याचदा माहीत नसतं, सांगा त्यांना.

४. ॲड लावल्यावर घर साफ ठेवा

हे काम कोणी शिकवत नाही पण मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. ॲडसेन्समध्ये 'ब्लॉकिंग कंट्रोल्स' असतात, तिथे जाऊन झटपट श्रीमंतीच्या, वजन घटवायच्या, ज्योतिषाच्या, झटपट कर्जाच्या कॅटेगरी बघून बंद करा. थोडे पैसे कमी होतील, होऊ द्या. तुमच्या साइटवर दहावीची पोरं येतात, आजी-आजोबा येतात, ते तुमच्यावर विश्वास ठेवून येतात, आणि कर्जाच्या फसव्या ॲपची ॲड तुमच्या पानावर दिसली की ती तुम्हीच सुचवली असं त्यांना वाटतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवर तर २०२५ च्या कायद्याने बंदीच आली आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे, तेव्हा कोणी इन्स्टावर मेसेज करून "फक्त एक स्टोरी टाका, वीस हजार देतो" म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

पानभर ॲड नकोत. लेखाच्या मध्ये एक, शेवटी एक, बस. पॉप-अप तर नकोच, ज्या एथन झुकरमन यांनी नव्वदच्या दशकात ट्रायपॉड या साइटसाठी पॉप-अपचा कोड लिहिला त्यांनी स्वतः २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली, आणि इंटरनेट जाहिरातीवर चालवायचं ठरलं त्यातनंच लोकांवर पाळत ठेवायची सवय लागली असं लिहिलं.

लहान मुलांसाठी काही करत असाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा ऐकून ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमकी लक्ष्य करून जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत.

आणि ॲडब्लॉकरवाल्या, म्हणजे ॲड अडवणारं ॲप वापरणाऱ्या, वाचकावर चिडू नका. त्याच्या फोनचा डेटा आणि बॅटरी त्याची आहे. पानावर मोठी पाटी लावून वाट अडवण्यापेक्षा लेखाखाली दोन ओळी लिहा की ॲड बंद ठेवल्या तरी चालेल, जमलं तर इथनं थेट मदत करा.

५. गावातली जाहिरात थेट घ्या

मराठीत याची जुनी, चांगली परंपरा आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंक जाहिरातींच्या आधारावर उभे आहेत. रेटकार्ड असतं, अर्धं पान एवढे, पूर्ण पान एवढे, मलपृष्ठ एवढे, आणि सराफ, बँका, पतसंस्था, मसालेवाले वर्षानुवर्षं देतात. वाचकाची कुठलीही माहिती गोळा न करता हे चालतं, कारण जाहिरातदाराला माहीत असतं की हा अंक कोण वाचतं.

तुम्ही पण हेच करा. द्राक्षाचं चॅनेल असेल तर तालुक्यातला ठिबकवाला, रोपवाटिका, माती परीक्षणवाले, ट्रेकचा ब्लॉग असेल तर पायथ्याच्या गावातले जेवण-मुक्कामवाले आणि बूट-सॅकचं दुकान. एका कागदावर तीन गोष्टी लिहा, महिन्याला किती लोक येतात (खरा आकडा, ॲनालिटिक्सचा स्क्रीनशॉट लावून), ते कुठले आहेत, आणि जागेचा महिन्याचा दर. दर ठरवताना ॲडसेन्सचा आरपीएम धरू नका, त्या दुकानदाराला एक गिऱ्हाईक मिळालं तर काय फायदा होतो ते धरा. त्याच १०,००० पानांच्या साइटवर ठिबकवाला महिन्याला १,००० रुपये आनंदाने देऊ शकतो, कारण त्याला सगळा महाराष्ट्र नकोय, त्याला त्याचा तालुका हवाय. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घ्या, पावती द्या, साधं चित्र आणि लिंक लावा, ट्रॅकिंगचा कुठलाही कोड नको.

दोन अटी पाळा. एक, लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' हा टॅग लावा, गुगलने २०१९ पासून पैसे घेतलेल्या लिंकसाठी तो ठेवलाय, नाही लावला तर सर्चमध्ये मागे पडायची शक्यता असते. दोन, पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन काही लिहिलं, बोललात तर वरच 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे ॲस्कीचे, नियम २०२१ पासून आहेत आणि फुकट मिळालेलं खताचं पोतं सुद्धा त्यात मोबदला म्हणूनच धरतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा १० लाख आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. दंड बाजूला ठेवा, ज्या शेतकऱ्याने तुमचं ऐकून औषध फवारलं त्याला तुम्ही पैसे घेतले होते की नाही हे कळायचा हक्क आहे.

६. वाचकाकडनं थेट : आधी क्यूआर

थोडेथोडे पैसे देऊन एकेक लेख वाचायचा ही कल्पना वेबइतकीच जुनी आहे. पान सापडलं नाही की जसा ४०४ कोड येतो तसा 'पैसे भरा' सांगणारा ४०२ हा कोड सुरुवातीपासून राखून ठेवलेला होता, पण कित्येक वर्षं फारसा वापरात आला नाही. नेदरलँड्समध्ये ब्लेंडलने २०१४ मध्ये पेपरातले लेख सुटे विकायला सुरुवात केली, खूप नाव झालं, आणि २०१९ मध्ये त्यांनी ते सोडून महिन्याच्या वर्गणीचा रस्ता धरला. फ्लॅटर, कॉइल असे अजून प्रयत्न झाले आणि बंद पडले. एक मोठं कारण म्हणजे कार्ड. तिकडे प्रत्येक व्यवहारावर कार्डवाल्यांचे ठराविक सेंट कापले जातात, दहा-वीस सेंटच्या लेखात मग उरणार काय. आणि दुसरं, प्रत्येक लेखाआधी "हा घेऊ का नको" असा विचार करायचा लोकांना कंटाळा येतो.

पहिलं कारण आपल्याकडे जवळजवळ गेलंय. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि जानेवारी २०२० पासून बँक खात्यातनं केलेल्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे पेमेंट घेण्याचं बँकेचं शुल्क, लागत नाही. म्हणजे कोणी १० रुपये पाठवले तर १० च्या १० पोचतात, जगात फार थोड्या लेखकांना ही सोय आहे आणि आपण ती फक्त वडापाव घ्यायला वापरतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर काय करायचं : साइटसाठी वेगळं बँक खातं उघडा, घरखर्चात मिसळू नका. यूपीआय आयडी असा करा ज्यात तुमचा मोबाइल नंबर नाही, ॲपमध्ये नवीन आयडी बनवता येतो. क्यूआरचं चित्र प्रत्येक लेखाच्या शेवटी लावा, आणि मोबाइलवर वाचणाऱ्याला स्वतःच्याच फोनमधला क्यूआर स्कॅन करणं कटकटीचं असतं म्हणून खाली आयडी टाइप करून पण ठेवा. स्कॅन केल्यावर कोणतं नाव दिसायला पाहिजे तेही लिहा, कोणी तुमचा लेख उचलून स्वतःचा क्यूआर लावला तर वाचकाला कळेल. कोणी फोन करून "पैसे पाठवतोय, तुमचा पिन टाका" म्हणालं तर ठेवून द्या फोन, पैसे घेताना पिन कधीच लागत नाही.

रक्कम सुचवा. "यथाशक्ती" लिहिलं की लोक संकोचतात, किती दिले तर कमी वाटतील याचा विचार करत बसतात आणि मग राहूनच जातं. २०, ५०, १०० असे तीन आकडे लिहा.

७. मग वर्गणी

एकदा दिलेले पैसे छान वाटतात पण पुढच्या महिन्याचं होस्टिंग त्यावर ठरवता येत नाही. त्यासाठी दर महिन्याचे वर्गणीदार लागतात. भारतातले वाचक असतील तर रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेवर यूपीआय ऑटोपे किंवा कार्डचा मॅन्डेट, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी, लावता येतो, गेटवे त्याचं शुल्क कापतो, साधारण दोन टक्के आणि वर जीएसटी. रिझर्व्ह बँकेचे नियम इथे वाचकाच्या बाजूचे आहेत, सुरुवातीला एकदा ओटीपी किंवा यूपीआयचा पिन, पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज, १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी किंवा पिन नाही, आणि हवं तेव्हा मॅन्डेट रद्द. वर्गणीची माहिती देताना हे रद्द कसं करायचं ते पण लिहा. "अडकलो तर" ही भीती गेली की लोक जास्त निघतात.

परदेशातल्या वाचकांसाठी पॅट्रिऑन ही वर्गणी गोळा करायची साइट आहे, २०१३ पासूनचं, नवीन क्रिएटरकडनं ते आता १० टक्के घेतं आणि पेमेंटचा खर्च वेगळा. भारतातला वाचक तिथे अडखळतो, कारण ऑक्टोबर २०२१ च्या मॅन्डेटच्या नियमांनंतर परदेशी साइटवर आपल्या कार्डाने दर महिन्याचे पैसे जाणं बेभरवशाचं झालं. सबस्टॅक (मेलवर लेख पाठवायची साइट) मराठी लिहायला छान आहे पण पैसे घ्यायला स्ट्राइप या पेमेंट कंपनीचं खातं लागतं आणि स्ट्राइप २०२४ पासून भारतात आमंत्रणाशिवाय नवीन खातं देत नाही. पेपालने एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केलेत, बाहेरनं येणाऱ्या पैशासाठी चालतं. म्हणून दोन रस्ते ठेवा, इकडच्यांना यूपीआय, तिकडच्यांना पॅट्रिऑन किंवा यूट्यूबची मेंबरशिप.

लेख कुलूपबंद करायचे का? न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये पेवॉल, म्हणजे पैसे दिल्याशिवाय लेख न उघडायची पद्धत, लावली आणि ती चालली, पण त्यांच्यामागे बातमीदारांची मोठी फौज आहे. ब्रिटनच्या गार्डियन या पेपरने साइट उघडी ठेवून वाचकांकडे पैसे मागितले. आपल्याकडे २०१२ मध्ये सुरू झालेली न्यूजलाँड्री ही बातम्यांची साइट वर्गणीवर चालते. विकिपीडिया तर मुख्यतः देणग्यांवर आहे, आणि आपला मराठी विकिपीडिया २००३ पासून एकही जाहिरात न दाखवता सुरू आहे. माझं मत विचाराल तर मराठीत सुरुवातीला कुलूप लावू नका. आधीच मराठीत चांगला मजकूर शोधावा लागतो, त्यात ज्या पोराकडे ३० रुपये पण नाहीत त्याच्यासाठी दार बंद व्हायला नको. वर्गणीदाराला वेगळं काही द्या, लेख दोन दिवस आधी मेलवर, महिन्यातनं एकदा ऑनलाइन गप्पा, गडाच्या नकाशाची छापता येईल अशी फाइल, लेखाखाली नाव (हवं असेल तर).

८. कायद्याचं थोडं

सगळी कमाई इन्कम टॅक्समध्ये दाखवायची, यूपीआयवर आलेले वीस रुपये पण. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या पुढे लागते. आणि बातम्या, चालू घडामोडी करत असाल तर परदेशी देणगीच्या कायद्याकडे, म्हणजे एफसीआरएकडे, नीट लक्ष द्या, बातम्या देणाऱ्यांना परदेशी स्रोताकडनं देणगी घ्यायला मनाई आहे आणि तिकडचं नागरिकत्व घेतलेला आपला मराठी माणूस पण त्यात परदेशी स्रोतच धरला जातो. भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयने बँकेतनं स्वतःच्या बचतीतले पैसे पाठवले तर ते त्यात येत नाही, आणि वर्गणी म्हणजे सेवेची फी, ती देणगीपेक्षा वेगळी. इथे मात्र सीएला विचारूनच पाऊल टाका, त्याची फी वाचवू नका.

९. मागायचं कसं

इथे मराठी माणूस फार अडतो, पैसे मागायचे म्हणजे कसंतरीच वाटतं. पण गणपतीची वर्गणी मागायला आपण दारोदार जातोच की, आणि लोक पावती घेऊन देतात, कारण मांडव डोळ्यासमोर असतो आणि हिशेब फळ्यावर लागतो. तेच करा. काम दाखवा, खर्च सांगा, रक्कम सांगा. नमुना असा :

"ही साइट चालवायला वर्षाला १४,००० रुपये लागतात, होस्टिंग ६,०००, डोमेन १,०००, प्रवास ७,०००. आतापर्यंत ५,२०० जमलेत. लेख उपयोगी पडला असेल तर ५० रुपये पाठवा, नसेल जमत तर एका मित्राला लिंक पाठवा."

आकडे तुमचे टाका आणि खरे टाका. ही सूचना लेखाच्या शेवटी ठेवा, सुरुवातीला नको, वाचून झाल्यावरच माणसाला काय मिळालं ते कळतं. वर्षातनं दोनदा, म्हणजे गुढीपाडव्याला आणि दिवाळीला, वेगळी पोस्ट टाकून मागा, दर आठवड्याला मागू नका. पैसे आले की त्याच दिवशी "मिळाले, धन्यवाद" एवढं तरी उत्तर द्या, ज्यांनी यूपीआयवर संदेशात काही लिहिलंय त्यांना तर नक्की. आणि एप्रिलमध्ये हिशेब साइटवर लावा, ॲडचे किती, दुकानदारांचे किती, वाचकांचे किती, कुठे गेले. देणाऱ्यांची नावं मात्र त्यांना विचारल्याशिवाय लावू नका, आकडे पुरेत.